मावशीनं मागितलेली नाव

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. संधी मिळेल तिथे मी हे सांगते. पण त्या कॉलेजचा खर्चा जिनं उचलला त्या नावेबद्दल सांगितलं, की जालन्यातले लोक हसतात. म्हणतात, आपल्याकडे कुठली आली शिडाची नाव?

होती. वडील गोदावरीवर माणसं पलीकडे नेऊन सोडायचे. वारा मिळाला की आई शीड चढवायची. ते तिनं जुन्या लुगड्यांचं शिवलं होतं. पुढं पूल झाला आणि नाव गोठ्यात पालथी पडली.

यंदा ती निघाली मावशीमुळे. आईची ही एकुलती बहीण पलीकडच्या गावात राहते. पुलावरून यायचं तर मोठा वळसा, आणि गाडीत बसलं की तिला मळमळतं. म्हणून कित्येक वर्षं ती आलीच नव्हती. आईनं दसऱ्याला, धम्मचक्र दिनाला बोलावलं, तर फोनवर म्हणाली, "गाडीत बिलकुल बसणार न्हाई. नाव धाड, मंग येते."

तिला वाटलं, विषय मिटला. आईनं त्याच दुपारी गोठा झाडला.

मी रजा टाकून गावी गेले. सगळ्यांनी मिळून जुना रंग खरवडला. फळ्या धड होत्या, पण वाळून सांधे उघडले होते. वडिलांनी त्यात शेतातलाच कापूस सरकी काढून ठोकून बसवला, वरून डांबर दिलं. मी जुन्या जालन्यातून ऑइलपेंट आणला. रंग निळा. त्यावर घरात चर्चा झाली नाही.

रंग वाळल्यावर नाव काठाच्या उथळ पाण्यात भिजत ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर लाकूड फुगलेलं, आणि फुगायला जागाच नसल्यामुळे एक फळी खिळ्यांसकट बाहेर आलेली.

आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाव हाय का कापसाची गाडी? तुडवून भरला काय?"

"सवय हाय," वडील म्हणाले. "जन्मभर दुसरं काय भरलं आपण?"

"मानसं भरली की. त्यांला कधी असं दाबलं न्हाई."

एवढं बोलून ती खाली बसली आणि सगळा कापूस उपसायला लागली. दसरा तोंडावर आलेला. बिघडलेलं काम कुरकुर न करता पहिल्यापासून करायचं, हे मी तिच्याकडूनच घेतलं. परीक्षांनाही तेच कामी आलं. नाव काठावर सुकेपर्यंत तिनं पोटरीवर कापसाच्या सैल वाती वळल्या. वडिलांनी फळी ठोकली, वाती हलक्या हातानं बसवल्या. सांध्यांवर मी पुन्हा निळा ब्रश फिरवला.

या वेळी भिजवूनही सगळ्या फळ्या जागच्या जागी राहिल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. मधोमध वारा मिळाला. आईनं शीड ताणलं, वडिलांनी वल्ही आत घेतली. तरणी असताना ती दोघं अशीच दिसत असतील.

मावशी पलीकडच्या काठावर गठुडं घेऊन उभी होती. तिनं आधी शीड न्याहाळलं.

"माजं हिरवं लुगडं अजून फाटलं न्हाई व्हय?"

"तू येईस्तोवर फाटू दिलं न्हाई," आई म्हणाली.

मावशी चढली. बसायच्या आधी तळाच्या फळ्यांवर हात फिरवून तिनं तळवा पाहिला.

"कोरडी हाय," ती म्हणाली. मग गठुडं मांडीवर घेतलं. "चल, जल्दी चल. वारा हाय तवर."