घोडेवाल्या काकूंचं प्रदर्शन

घोडेवाल्या काकूंना घोड्याची भयंकर भीती वाटायची. नवघरच्या आमच्या गल्लीतून वरात निघाली आणि नवरदेवाची घोडी दिसली, की काकू पदर सावरत समोरच्या मेडिकलमध्ये शिरायच्या आणि उगाच खोकल्याच्या गोळ्या मागायच्या. आणि हीच बाई अर्धं आयुष्य घोडे रंगवत आली! मी हसले की म्हणायच्या, "हस, हस. वाघाचं चित्र काढणारे काय वाघाच्या मांडीवर बसतात?"

घोडे म्हणजे तेच, सात पांढरे, धावणारे. आमच्या मीरा-भाईंदरला कुणी नवा फ्लॅट घेतला की हॉलमध्ये सोफ्याच्या आधी हे घोडे येतात. वास्तूला चांगले. तोंडं मात्र घराच्या आत हवीत, दाराकडे असली तर लक्ष्मी बाहेर पळते म्हणे. काका गेल्यावर काकू गिरगाव सोडून आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये आल्या. खालच्या शाहबेननी वास्तुशांतीसाठी हौसेनं एक चित्र काढून घेतलं, आणि मग काय, रांगच लागली. काकूंचं खरं नाव सुमती. पण कुरियरवालासुद्धा "घोडेवाली आंटी किधर रहती है?" असंच विचारायचा.

एकदा मीरा रोडचं एक गिऱ्हाईक चित्र काखेत मारून तणतणत आलं. त्याच्या हॉलमध्ये एकच भिंत रिकामी, आणि तिथे चित्र लावलं तर घोडे थेट दाराकडे निघालेले. "आंटी, घोडे उलटे हैं!" काकू शांतपणे म्हणाल्या, "घोडे सीधे हैं भैया, आपकी दीवार उलटी है." तरी दुसरं चित्र काढून द्यायचं कबूल केलं, आणि आधी त्याचा हॉल बघून आल्या. मी म्हटलं, "काकू, तेच चित्र उलटं ट्रेस करा की!" तर माझ्यावरच उखडल्या. "अगं, खिडकी कुठे आहे ते बघितलंस का? त्या घरातला उजेड त्या घोड्यांवर पडायला नको?" त्या माणसाला यातलं ओ का ठो कळणार नव्हतं. काकूंना त्याचं काहीच नव्हतं.

चित्र तयार झालं की ते भिंतीला टेकवून त्या समोर चहा घेत बसायच्या. मध्येच कपाळाला आठी. "हा बघ मेला! पळत नाहीये, फोटो काढून घेतोय." की ते चित्र बाद. वरून पांढरा रंग फिरवून पुन्हा पहिल्यापासून सुरू. गिऱ्हाईक दारात उभं राहून "मस्त है, दे दो ना" म्हणत असलं तरी नाही म्हणजे नाही. मी कटकट केली की म्हणायच्या, "खपतं म्हणून वाईट नाही, आणि खपतं म्हणून चांगलंही नाही. पळतंय का, तेवढं बघायचं."

त्यांचे थोरले भाऊ, दादा, दरवर्षी भाऊबीजेला यायचे. बहीणभाऊ एकाच कॉलेजात चित्रकला शिकलेले. दादा पुढे तिथेच प्राध्यापक झाले, मोठमोठ्या गॅलऱ्यांत त्यांची प्रदर्शनं भरायची. चित्रं फारशी विकली जायची नाहीत, आणि त्याचा त्यांना अभिमानच होता. काकूंच्या घरी आले की घोड्यांकडे पाठ करून बसायचे. मला त्या माणसाचा असा राग यायचा!

एका भाऊबीजेला करंजी खाता खाता ते म्हणाले, "सुमे, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. कॅलेंडरं काढत बसलीस."

काकू नेहमीसारख्या हसल्या. "लोक घेतात ना, दादा."

"घेतात. बघत नाहीत. दाराला लिंबू-मिरची बांधतात, ती कुणी बघतं का? तसंच तुझं."

काकूंचं हसू मावळलं. दादा गेले, तरी त्या ओवाळणीचं ताट हातात धरून तशाच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दाराची बेल वाजली. काकू ठेवणीतली साडी नेसून उभ्या. "चल, माझं प्रदर्शन बघायला."

"अगंबाई! कुठे भरलंय?"

"लोकांच्या घरी. कुणी बघतं का, तेच बघायचंय मला."

पहिल्या घरी चित्रापुढे हा एवढा टीव्ही. नुसत्या शेपट्या दिसत होत्या. घरची बाई म्हणाली, "बहुत लकी है आंटी, इसके बाद बेटे को कॅनडा का व्हिसा मिला." दुसऱ्या घरी काकूंचे घोडे कपाटावर चढले होते आणि हॉलमध्ये ऑनलाइन मागवलेले, मागून दिवे लागणारे. काकू भराभर जिना उतरल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "दादाचं खरं असेल तर गं?" मी उगाच रिक्षावाल्याला रस्ता सांगत बसले.

शेवटचं घर पेणकरपाड्यात, सोनवण्यांचं. माणसं मूळची मराठवाड्यातली. कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती, आणि समोरच्या भिंतीवर काकूंचे घोडे, चक्क दाराकडे निघालेले. मला राहवेना. "काका, हे चालतं तुम्हाला?"

सोनवणे हसले. "आम्ही वास्तू-बिस्तू मानत नाही ताई. फ्रेमवाल्याकडे बघितलं, आवडलं, पत्ता शोधून असंच एक काढून घेतलं. या भिंतीवर लावलं, कारण हिला इथून दिसतं."

ही म्हणजे त्यांची बायको. अर्धांगाच्या झटक्यानं कॉटवर पडून होती. चित्रं काढणारी बाई ती हीच, हे तिला ठाऊक नव्हतं. आमचं बोलणं ऐकून ती आपणहून म्हणाली, "त्यो मागचा हाय ना, त्यो लई दमलाय. बाकीची म्होरं बगत्यात. त्यो एकलाच मागं वळून बगतोय, कुणीतरी ऱ्हायलंय त्याचं. मी दिसभर त्याच्याकडंच बगती."

काकू कॉटच्या कडेला बसल्या. तिचा हात हातात घेतला. "हे गेले ना माझे, त्याच वर्षी काढला तो," एवढंच म्हणाल्या, आणि हमसून हमसून रडल्या. काका गेले तेव्हाही ही बाई चारचौघांत रडली नव्हती, असं दादांच्याच तोंडून ऐकलं होतं.

गेल्या वर्षी काकू गेल्या. दहाव्याला दादा आले होते, ते एकदम म्हातारेच दिसायला लागलेले. सगळे पांगल्यावर खालमानेनं मला म्हणाले, "तिचं एखादं चित्र दे गं मला. कुठलंही."

मी माळा पाहिला, कॉटखाली पाहिलं, गॅलरीतलं सामानही उचकलं. "दादा, एकही नाही. सगळी विकली गेली."

ते खुर्चीत बसूनच राहिले. इतकी वर्षं साठवलेला माझा राग, पण ऐन वेळी कुठे गेला कोण जाणे. मी रिक्षा बोलावली आणि त्यांना पेणकरपाड्याला घेऊन गेले. दादा चष्मा चढवून, कॅनव्हासला नाक लावून, हात मागे बांधून उभे राहिले, प्रदर्शनात राहतात तसे.

कॉटवरून सोनवणेबाई म्हणाल्या, "तितनं काय दिसतंय भाऊ? हितं माझ्याजवळ बसा. सावकाश बगा."

दादा बसले. सोनवण्यांनी पुढ्यात ठेवलेला चहा गार होऊन त्यावर साय धरली, तरी त्यांची नजर भिंतीवरून हलली नाही.