तळं भरताना भिंतीवर लिहिलेले आकडे

शेततळ्यात अंथरलेला नवा प्लॅस्टिकचा कागद उन्हात तापला की रबरासारखा वास सुटतो, आणि मला निरगुडसरच्या रानातली ती दुपार आठवते. उन्हाळ्यात विहीर आटायच्या आत आम्ही तळं भरून घेत होतो. दादा दर तासाला पाण्याची उंची मोजून मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर खडूने दोन रकान्यांत वेळ आणि उंची लिहीत होता. सुरुवातीला पाणी भराभर चढलं, मग तासागणिक कमी कमी चढायला लागलं. आबांनी आकडे बघितले आणि त्यांचा चेहराच उतरला. "कागद फाटलाय. पाणी रानात सोडा, भोक हुडकाया पायजे." दादा निघालाच होता, तेवढ्यात शाळेत गणित शिकवणारी वहिनी डबा घेऊन आली. "अहो, थांबा! तळं वरती रुंद होत जातंय, मग उंची सारखी कशी वाढेल?" डबा बाजूला ठेवून तिने तळ्याची लांबी, रुंदी आणि उतार विचारला, भिंतीवर तिसरा रकाना आखला आणि प्रत्येक तासाला तळ्यात एकूण किती पाणी झालं ते त्यात मांडलं. मग लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक काढत गेली. प्रत्येक वेळी जवळजवळ तेवढाच! "बघा आबा, दर तासाला सारखंच पाणी वाढतंय. गळत असतं तर पाणी चढेल तशी गळती वाढून हा फरक घटत गेला असता." आबांनी दादाला मोटार तशीच चालू ठेवायला सांगितली. "लई भारी, सूनबाई," ते वहिनीला म्हणाले. परवा तळ्याचा कागद बदलला, मोटार चालू झाली, आणि मी खोलीत डोकावलो तर आबा हातात खडू घेऊन उभे. पहिला आकडा लिहायच्या आधीच त्यांनी तीन रकाने आखले होते.