पायाळूचा पाय

माझा नवरा पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसानं पाय लावला की उसण पळते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. आमच्या कुडवा गावातले लोक सकाळी सकाळी कंबर धरून आमच्या दारात उभे राहायचे आणि हा चहाचा कप हातात धरूनच त्यांच्या पाठीत लाथ घालायचा. वरून ऐट केवढी!

मी ब्लाऊज शिवते. दिवसभर मान खाली. यंदा लग्नसराईत मान आखडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरात पायाळू असून दवाखान्यात कायले जाते?" मी मुकाट्यानं पालथी पडले. त्यानं मानेवर टाच दिली. खांद्यापासून बोटांपर्यंत अशी कळ गेली की मी त्याला शिवीच हासडली. दुसऱ्या दिवशी कापड कापताना कात्री हातातून गळून पडली. उचलली, तर पुन्हा पडली. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. हात गेला तर मी करू काय?

डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला. मानेत नस दबली आहे म्हणाले आणि फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या मॅडमनी हनुवटीखाली पट्टा बांधला, पट्ट्याला दोरी, दोरीला वजन. "मॅडम, फाशी देऊन राहिल्या का?" मी हसून म्हटलं, पण डोळे त्या वजनावरच होते.

नवरा दाराशी उभा होता. चाचरत म्हणाला, "मॅडम, माह्या पायानं झालं का हे?"

"नस आधीपासूनच दबलेली असेल. पण मानेवर पाय? यापुढे कोणाच्याच देऊ नका."

माझा हात पहिल्यासारखा होईल का, असं मी विचारलं. "व्यायाम सोडू नका. बघू," एवढंच त्या म्हणाल्या. त्या 'बघू'नं मला धडकीच भरली.

काल शेजारचे काका उसण भरली म्हणून आले. नवऱ्यानं पाय पोटाशी ओढून घेतले. "नाही काका, दवाखान्यात जा. मले भेव लागते." सासूबाईंनी ऐकलं आणि त्या काकांना दारापर्यंत सोडायला उठल्या.

काका गेल्यावर त्यानं माझ्यापुढे आपली दोन बोटं धरली. "दाब. जोरानं दाब."

मी दातओठ खाऊन दाबली.

"अरे बापा! मोडते का आता?" तो ओरडला, बोटं झटकत हसायला लागला.

मी माझ्या हाताकडे पाहत होते. त्याच्या बोटांभोवती मूठ मिटलीच नव्हती.