चिकाचे डाग

शाळा मी सातवीत सोडली. सोडली म्हणजे बापानं सोडवली. वर्गात येऊन त्यानं कॉलर धरली आणि घरापर्यंत केळीच्या ओल्या दांड्यानं मारत नेलं. तो दांडा तुटत नाही, नुसता वाकतो. कापणी सुरू झाली होती आणि घरात हात कमी होते. रस्त्यानं बाप एवढंच म्हणाला, "पुस्तकं काय घड कापतीन?"

पण हात मला चांगला मिळाला होता. रावेरकडं केळीच्या बागेत घड वाहणारे पुष्कळ, कापणारा एखादाच. डाव्या हातानं झाड वाकवायचं आणि उजव्यानं एका घावात घड तोडायचा. तो खालच्या माणसाच्या खांद्यावर अलगद उतरला पाहिजे. घाव चुकला तर घड आपटतो, नाहीतर खालच्याची मान जाते. मी एकाची गेलेली पाहिली आहे. माझा घाव चुकत नसे. आयुष्यात चांगलं म्हणावं असं जे काही माझ्याकडं होतं, ते त्या उजव्या मुठीत होतं.

माल भरायला कधीमधी जळगाव स्टेशनावर जावं लागे. तिथं अजिंठ्याला जाणारे गोरे उतरत. पाठीवर हे एवढं ओझं आणि सोबत कुणी नाही. एकदा त्यांतली एक मुलगी फलाटावरच सॅक उशाला घेऊन झोपून गेली. मी मुळात घाबरट माणूस. एसटीत बसलो तरी दाराजवळची जागा धरणार. त्या मुलीच्या झोपेचा मला फार हेवा वाटला. जुन्या बाजारातून मी एक खाकी सॅक आणली आणि घरी पत्र्याखाली टांगून ठेवली.

ती सॅक पाठीवर चढली ते नव्वदच्या सुमारास. केळीचा ट्रक घेऊन गोरखपूरला निघालेल्या ड्रायव्हरबरोबर मी गेलो. ड्रायव्हर धुळ्याकडचा, नरडाण्याचा, वयानं मोठा. मी त्याला नाना म्हणे. गोरखपूरच्या बाजारात माल कुणी उतरवायचा यावरून हमालांच्या दोन टोळ्यांत मारामारी जुंपली. सोडवायला गेलेल्या नानाच्या गालात पोती ओढायचा लोखंडी आकडा घुसला. डॉक्टर टाके घालत होता तोवर मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. तिथंच मी त्याला सांगितलं की मी परत येत नाही, नेपाळ बघून येतो, तिकडं पासपोर्ट लागत नाही म्हणतात.

"येडा शे का तू?" सुजलेल्या तोंडानं नाना म्हणाला. "तुना बाप माले इचारी, पोऱ्या कथा शे, तं मी काय सांगू?"

बाप पोरगा कुठं म्हणून विचारणार, ही त्याला धास्ती. मग त्यानं अंगातला स्वेटर काढून माझ्याकडं फेकला. "मरू नको. बाकी बठ्ठं चाली." बाकी सगळं त्याच्या लेखी चालणार होतं.

सीमा ओलांडून भैरहव्याला एक रात्र काढली. खानावळीचा मालक भला माणूस. त्यानं सांगितलं की राजाविरुद्ध पोरं रस्त्यावर उतरली आहेत, तुझ्यासारख्या परक्यानं मागं फिरावं. मागं फिरायला मी तयारच होतो, पण सकाळी सीमेकडचा रस्ता झाडं आडवी टाकून बंद केलेला. सुटली ती पुढं जाणारी बस. तिनं बुटवलला नेऊन सोडलं. तिथं मी स्टँडवरून बाहेर पडतो तोच लाठीमार सुरू झाला. माझ्या पुढचा माणूस पडला, त्याच्या तोंडावर बूट पडत राहिले आणि मी त्याला ओलांडून पळालो. एक काठी माझ्या खांद्यावर बसलीच. एका शिंप्यानं दार अर्धं उघडून मला आत ओढलं आणि मशिनखाली बसवलं. बाहेर दात मोडल्याचे आवाज येत होते. आत तो शिंपी चहा गाळत होता. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही, पण त्या चहाची आठवण मी देवासारखी जपली आहे.

दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीनं नारायणगढ. नदीकाठचं बाजाराचं मोठं गाव. स्वेटर रक्तानं आणि धुळीनं खराब झाला होता म्हणून मी तो सॅकमध्ये कोंबला आणि तिच्यातला दुसरा शर्ट घातला. स्वच्छ धुतलेला शर्ट. इथंच घोळ झाला. केळीचा चीक कपड्यावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, वाळला की तांबूस होतो, मग काळपट, आणि मरेपर्यंत जात नाही. आमच्याकडं त्याला कुणी डाग म्हणतच नाही. असा शर्ट घालून माणसं साखरपुड्याला जातात. माझ्या शर्टावर तर छातीपासून बाहीपर्यंत शिंतोडे होते, आणि सॅकमध्ये कापायचा विळा होता, कारण कापणारा आपला विळा घरी ठेवून येत नाही.

त्या सकाळी त्या बाजारात एका विद्यार्थ्याला कुणी भोसकलं होतं. सीमेपलीकडून गुंड आणलेत अशी हूल उठली होती. हे सगळं मला नंतर कळलं. मला कळलं ते एवढंच की चणे घेत होतो आणि मागून कुणीतरी सॅक हिसडली. विळा दगडावर खणकन पडला.

पहिला फटका कानावर बसला. मग किती हात होते, सांगता येत नाही. कुणी हिंदीत विचारलं, "कितनों को मारा?" माझी हिंदी त्या घटकेला पळून गेली. मी आपला घरच्या बोलीत ओरडत राहिलो, "केयीचा चीक हाये, केयीचा!" ते ऐकून ते आणखी पेटले. नाकातून रक्त शर्टावर सांडलं आणि जुने डाग नव्या रक्तात मिसळले, म्हणजे पुरावाच झाला. एकानं मला पालथं पाडलं. दुसऱ्यानं उजवा हात ओढून पायरीवर ठेवला, मनगटावर पाय दिला. तिसरा दगड घेऊन आला. याच हातानं मारलं ना, मग हाच मोडायचा, असं ते आपसात ठरवत होते. त्यांची भाषा मला येत नव्हती, तरी हे स्वच्छ समजलं.

तेव्हा मी बापाला हाक मारली नाही, देवालाही नाही. हातालाच म्हणत होतो, मूठ वळ, मूठ वळ. दगड आला. दोन बोटांचा आवाज मी ऐकला.

दुसऱ्यांदा दगड वर गेला आणि एक बाई मधे पडली. चांगली धिप्पाड, चाळिशीची. पलीकडं केळी विकायला बसलेली. तिनं दगडवाल्याला कोपरानं बाजूला केलं, माझी बाही धरून वर उचलली आणि तिच्याशेजारी आपल्या साडीचा पदर धरला. पदरावर तसेच शिंतोडे होते, तसेच तांबूस-काळे.

"यो त केराको चोप हो," ती म्हणाली. हा तर केळीचा चीक आहे. मग तिनं त्या पोरांना काय काय सुनावलं, कुणाच्या आईचं काय काढलं, ते मला कळलं नाही. दोघं हसले. मनगटावरचा पाय निघाला. माफी कुणी मागितली नाही, कारण तेवढ्यात नदीकडून कुणीतरी हात करून ओरडलं, तो तिकडं आहे, आणि सगळा घोळका तिकडं धावला. मग तिकडून एका माणसाचं ओरडणं आलं. मग ते थांबलं. मी बाईला विचारलं, तो कोण होता? ती म्हणाली, पूछो मत.

ती मला घरी घेऊन गेली. मी तिला दिदी म्हणू लागलो. बोटांना बांबूच्या कामट्या बांधून तिनं हात गळ्यात अडकवला. रस्ते सुरू व्हायला बरेच दिवस लागले. तोवर मी तिच्या दारात बसून असे आणि रस्त्यात कुणी मोठ्यानं बोललं की आत पळे. ती हसे. एकदा तिनं तिच्या तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, इकडं आलास कशाला? मी म्हटलं, बघायला.

"तो देखा?" ती म्हणाली.

कामट्या सोडल्या त्या सकाळी दोन बोटं ताठ राहिली. वळेनात. दिदीनं ती तेलानं चोळली, दाबली, मी ओरडलो, तरी वळेनात. मला वाटलं, आता रावेरला जाऊन घड वाहायचे, कापायचं संपलं. तिनं मला उठवलं. परसातल्या झाडाखाली नेलं, आपला सुरा माझ्या हातात दिला आणि स्वतः घडाखाली उभी राहिली, खांदा पुढं करून. मी मान हलवली. नको म्हणालो. तिची मान अगदी जवळ होती. ती तशीच उभी राहिली, वर न बघता.

मी सुरा तीन बोटांत धरला. डाव्यानं झाड वाकवलं. पहिल्या घावात दांडा पुरता तुटला नाही, घड लोंबत राहिला, आणि चीक तिच्या केसांवर गळू लागला. ती हलली नाही. दुसरा घाव मी घातला, आणि घड तिच्या खांद्यावर उतरला.