मोठ्या पेशी, लहान पेशी

पाथर्डी ते नगर या रस्त्यावर मी जीप चालवतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. स्टँडवर उतरून चहाच्या टपरीपर्यंत चालत गेलो, तर टपरीवाला म्हणाला, "एका पायात चप्पल न्हाई तुमच्या." मागं वळून पाहिलं. चप्पल जीपजवळच पडली होती. ती कधी निसटली, मला कळलंच नव्हतं.

त्याआधी काही महिने दम लागत होता. टपावर पोतं चढवलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. जीभ लालभडक झालेली, ठेच्याला बोट लावून चाटलं तरी आग व्हायची. गावातल्या डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली, "रक्त कमी आहे" म्हणाले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या मी नेमानं घेतल्या. बायकोनं बीट, गूळ-शेंगदाणे, डाळिंब, जो जे सांगेल ते खाऊ घातलं. तरी अंगात जीव येईना.

मग एकदा करंजी घाटात क्लच दाबायला गेलो आणि पाय क्लचवर आहे की नाही तेच समजेना. वाकून बघावं लागलं. शेजारी तान्हं लेकरू घेतलेली बाई बसली होती. मी जीप कडेला घेतली आणि सगळ्यांना खरं ते सांगितलं. कुणी कुरकुर केली नाही. मागून आलेल्या जीपमध्ये सगळे दाटीवाटीनं बसले. एक प्रवासी मात्र थांबला. त्याला गाडी चालवता येत होती, त्यानंच मला घरी आणून सोडलं.

बायकोनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आता जीप ऱ्हाऊ द्या. उद्या एस्टीनं नगरला जायचं."

नगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. लॅबमध्ये रक्त दिलं आणि आम्ही बाकावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तिथल्या डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या.

"तुमचं जेवणखाण काय असतं? मटण, अंडी?"

"माळ घातल्यापासून बंद आहे."

"दूध?"

बायको म्हणाली, "दूध समदं डेअरीला जातं. ह्ये तर चहाबी कोराच पितात."

बाईंनी आम्हाला आत नेलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. गुलाबी चकत्या दिसत होत्या. "लोह कमी पडलं की या तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या उलट मोठ्या झाल्यात. मटण, अंडी, दूध यांतून मिळणारं बी-बारा जीवनसत्त्व कमी पडल्यासारखं दिसतंय. पायाच्या नसाही त्यानंच बधिर होतात. आणखी एक तपासणी करून खात्री करू."

तपासणीत तेच निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. आधी भूक परतली, मग जिभेची आग थांबली. पुढच्या तपासणीत बाई म्हणाल्या, "नव्या पेशी भराभर तयार व्हायला लागल्यात." ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पायांना मात्र कितीतरी महिने लागले. करंगळ्या अजून थोड्या बधिर आहेत.

पुन्हा जीप धरली, तेव्हा आम्ही दोघं पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाईंनी एक पेढा तोंडात टाकला, बायकोचा हात हातात घेतला आणि तिची नखं न्याहाळली.

"यांना दम लागतो का हो?"

प्रश्न मला होता. इतके महिने तिनं मला सांभाळलं होतं, गाईचं, शेताचं एकटीनं केलं होतं. तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"जिना चढताना लागतो थोडा," ती हळूच म्हणाली. "पर त्ये चालायचंच."

"चालायचं नाही," बाई म्हणाल्या आणि तिथंच रक्त घेतलं.

तिच्या पेशी लहान आणि फिक्या निघाल्या. एकाच चुलीवरचं खाणाऱ्या आम्हा दोघांचं रक्त कमी होतं, पण दोन तऱ्हेनं. पाळीत फार रक्त जातं हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यावर उपचार झाले. लोहाच्या गोळ्या तिला लागू पडल्या, चहानं लोह अंगी लागत नाही म्हणून जेवणानंतरचा चहा मात्र सोडावा लागला.

आता दुधाचा एक तांब्या घरी राहतो. परवा मी जीप धूत होतो, तर ती शेजारणीला सांगत होती, "निस्तं रक्त कमी हाय म्हनून भागत न्हाई बाई, कशानं कमी हाय त्ये बगून घ्यावं." मी पाइप बंद करून ऐकत उभा राहिलो.