पाठीवरचा हात

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल, तर ओट्यावर शेंगा सोलत समोरच्या कॉलेजातल्या पोरींचा खो-खो पाहिला. एक नवी पोरगी खो मिळायच्या आधीच उठत होती. बाकीच्या हसत होत्या. कप्तान पोरगी हसली नाही. "पाठीवर हात पडू दे गं, मग ऊठ," म्हणाली आणि पुन्हा पुन्हा स्वतः खो देत राहिली.

"ही पुढं माणसं सांभाळंल बघा," आमची ही म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"जन्मभर तुम्हाला सांभाळलं की!"

मी चार बुकं शिकलेला. पुढारी म्हणजे मोठ्यानं बोलणारा, असंच धरून चाललो होतो. बसलेल्याला उठवणं हेही पुढारपणच, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्याच रात्री आमची ही झोपेतच गेली. सकाळी दारात माणसं जमली. न्यायची वेळ झाली तरी मी ओट्यावरून हललो नाही. मुलगा, भाऊबंद, सगळे "उठा, उठा" करून थकले. मैदानातला खेळ थांबला होता. ती कप्तान पोरगी आली, माझ्या मागं उभी राहिली आणि तिनं पाठीवर हात ठेवला.

मी उठलो. बायकोला खांदा दिला.