तोंडाने काढलेला इंजिनचा आवाज

लॅबमधले सगळे तिला सुईताई म्हणतात. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण का पडलं ते पहिल्यांदा रक्त द्यायला आलेल्या माणसालाही कळतं. तो डोळे घट्ट मिटून, श्वास रोखून "टोचा आता" म्हणतो, तेव्हा सुईताई भरलेल्या नळीवर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवत असते. शीर ती डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त शोधते. हात चालू असताना तोंडही चालू असतं.

"चक्कर येते का काका?"

"छे हो, तसं काही नाही."

"म्हणजे येते," असं म्हणून ती त्या काकांना आडवं करते. माणूस आपलं दुखणं धुऊन, इस्त्री करून मगच दुसऱ्याला दाखवतो, असा तिचा अनुभव.

लॅबच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत तिची बरीच वर्षं गेली. तक्रार नव्हती, पण एक गोष्ट तिला खुपायची. ज्यांना तपासणीची खरी गरज, तीच माणसं धापा टाकत, कुणाच्या तरी खांद्यावर भार टाकून यायची आणि बाहेरच्या बाकावर आडवी व्हायची. आपणच यांच्या घरी का जात नाही, असं ती दर थोड्या दिवसांनी मालकीण डॉक्टरीणबाईंना विचारायची. शेवटी बाई एकदाच्या कबूल झाल्या.

"सोमवारपासून सुरू कर. पण गाडी स्वतःची हवी. लोक उपाशीपोटी वाट बघत बसलेले असतील, आणि तू बसची वाट बघत बसशील, असं नको. सोमवारी जमलं नाही तर मी दुसरं माणूस बघते."

सुईताईने हो म्हणून टाकलं, कारण तिचा मोठा भाऊ मोटारसायकली दुरुस्त करायचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. दादाने लगेच एका सुताराच्या वखारीतून फळ्यांच्या ढिगाखाली गाडलेली एक मोटारसायकल ओढून आणली. सीट फाटलेली, टाकीवर भुशाचा थर, खाली मातीची पुटं. आई दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही गाडी आहे की खोदकामात सापडली?"

"आई, आठवड्यात नवरीसारखी नटवून देतो बघ."

आणि दुसऱ्याच दिवशी, जन्मात कधी गाडीवरून न पडलेला दादा न्हाणीघरात साबणावरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. लांबच्या मोठ्या दवाखान्यात त्याचा पाय वजनं बांधून वर टांगून ठेवला. खिशातला फोनही त्याच्याबरोबरच पडून फुटला.

सुईताईने दुसऱ्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि भंगारवाल्याचा पत्ता सांगितला.

शनिवारी सकाळी तिचा फोन वाजला. आवाज दादाचा, पण नंबर अनोळखी.

"शेजारच्या खाटेवरच्या काकांचा फोन आहे. बँडमध्ये ढोल वाजवतात, आता हात प्लास्टरमध्ये आहे. साधा बटणांचा फोन आहे, त्यामुळे फोटोबिटो काही नाही. मी सांगतो तसं कर."

"मी? दादा, मला गाडी चालवता येते, पण पान्हा कुठल्या बाजूने धरायचा ते ठाऊक नाही."

"ज्या बाजूने पकड बसेल त्या बाजूने. रडू नकोस, प्लग काढ."

दादा शिकवायला लागला की त्याला धीर कमी आणि शिव्या जास्त सुचायच्या, पण वॉर्डात नर्स असल्याने तो जिभेला लगाम घालून होता. इंजिनला तीनच गोष्टी लागतात, तो म्हणाला. ठिणगी, पेट्रोल आणि हवा. एकेकीची हजेरी घ्यायची. सुईताईने प्लग काढून, घासून, इंजिनच्या धातूला टेकवला आणि किक मारली. निळी ठिणगी उडाली. "हजर!" ती ओरडली. टाकीतल्या जुन्या पेट्रोलला मात्र लाकडाच्या पॉलिशसारखा वास येत होता. ते ओतून टाकून ताजं भरलं. हवेचा डबा उघडला तर आत भुसा, दोरे, कापूस. उंदरीणबाईंचं अख्खं बाळंतघर. आईने ते केरसुणीने बाहेर काढलं आणि दादाच्या नावाने एक सुस्कारा सोडला.

मग कार्ब्युरेटर. जिथे पेट्रोल आणि हवा मिसळतात, तिथलं पितळेचं बारीक भोक जुन्या पेट्रोलच्या चिकट राळेने बुजलं होतं.

"त्यात सुई घालू नकोस हं! भोक मोठं होतं. वायरीतली तांब्याची एक तार घे, मऊ असते."

"आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला सुई नको म्हणतंय."

फोनच्या पलीकडे पूर्ण वॉर्ड हसला. तेव्हा तिला कळलं, की फोन स्पीकरवर आहे आणि तिचं हे शिक्षण अर्धा डझन मोडकी हाडं ऐकत आहेत.

दुपार कलल्यावर, पाय भरून आल्यावर, इंजिन एकदा शिंकलं, दोनदा खोकलं आणि चालू झालं. सुईताईने आईला मिठी मारली. आई म्हणाली, "आधी हात धू." पण आनंद फार टिकला नाही. इंजिनच्या फटफटीत आणखी एक आवाज होता. जड, आतून दार ठोठावल्यासारखा.

"दादा, ऐक!" तिने फोन इंजिनजवळ धरला.

"बंद पडली का गं?"

"अरे, चालू आहे!"

"मला काहीच येत नाही ऐकू. तुझा आवाज येतो, आईचा खोकला येतो, गाडी येत नाही."

फोनची ही एक तऱ्हाच. माणसाच्या आवाजाला तो आवाज समजतो आणि बाकीच्याला गोंगाट समजून गिळून टाकतो. घरघरणाऱ्या पंख्यापासून आपलं बोलणं वाचावं म्हणून त्याची घडणच तशी केलेली असते. त्या दिवशी मात्र त्याने नेमका रोगीच गिळला.

"मग तोंडाने काढून दाखव," दादा म्हणाला. "गिऱ्हाइकांना मी हेच सांगतो. नीट काढ. टिक टिक असेल तर वरच्या टॅपेटची, म्हणजे झडपा दाबणाऱ्या तुकड्यांची फट वाढलीय, ते घरी होईल. ठक ठक असेल तर इंजिनच्या पोटातला दांडा गेला. मग इंजिन खाली उतरवायचं, आणि तुझा सोमवार विसरायचा."

सुईताईने इंजिनकडे पाहिलं. मग फोन तोंडाशी नेला आणि म्हणाली, "टिक टिक. टिक टिक."

"देव पावला!" दादा म्हणाला. "ती फट गार इंजिनवरच बसवायची असते. उद्या सकाळी फोन करतो."

रविवारी सकाळी तिने टॅपेटची झाकणं उघडली. फटीत पातळ पोलादी पट्टी सरकवायची, ती सहज जाता कामा नये आणि अडकताही कामा नये. सुई शिरेत शिरताना बोटाला जेवढा अडथळा जाणवतो, तेवढाच जाणवायला हवा. हे तिला एका झटक्यात जमलं. दादा चकित झाला. "माझ्या गॅरेजात येतेस का?" तिने झाकणं लावली, किक मारली. आवाज जसाच्या तसा.

"गेला ना?" दादाने विचारलं.

शेडमध्ये आई होती, गाडी होती, आणि फोनच्या पलीकडे सगळा वॉर्ड कान देऊन होता. सुईताईला एकदम ते चक्कर येणारे काका आठवले. छे हो, तसं काही नाही. तिने स्वतः नेमकं तेच केलं होतं. कानाला ठक ऐकू आलं होतं आणि तोंडाने टिक सांगितलं होतं, कारण टिक स्वस्तात सुटणार होतं.

"दादा," ती म्हणाली, "मी काल खोटा आवाज काढला."

"म्हणजे?"

"ठक आहे. ठक, ठक. पहिल्यापासून ठकच होता."

वाटलं आता तो उखडणार. पण मग दादा हळूच म्हणाला, "अगं बये. मीसुद्धा डॉक्टरांना पायाचं असंच सांगतोय. दुखत नाही, दुखत नाही म्हणून." लगेच कुणीतरी ओरडलं, "नर्सबाई, ऐकलंत का!"

सुईताईला हसू आलं आणि डोळेही भरले. सोमवार हातचा गेला, असं तिने मनाशी मान्य करून टाकलं. तेवढ्यात एक जाडाभरडा आवाज फोनवर आला.

"ताई, मी ढोलवाला. तो ठक तालात पडतो का?"

"म्हणजे कसं काका?"

"फट-ठक, फट-ठक, असं बरोबर येतं, की मधेच चुकतं?"

सुईताईने डोळे मिटून ऐकलं आणि यावेळी जसं ऐकू आलं तसंच, काही न पुसता, तोंडाने काढलं. "फट, फट-ठक, फट, फट, फट-ठकठक, फट..." आईने पदर तोंडाला लावला. "शेजारी म्हणतील पोरगी बिघडली."

"हा ठक ठक करणारा माणूस बँडमध्ये असता तर मी त्याला पहिल्याच लग्नात हाकलला असता," काका म्हणाले.

"थांबा, थांबा," दादा मधेच ओरडला, इतक्या जोरात की पाय हलवू नका म्हणून नर्स ओरडल्याचंही ऐकू आलं. "ताल चुकतोय? अगं, दांडा इंजिनला बांधलेला असतो, तो सुट्टी घेऊच शकत नाही! जरा गाडी रेस कर."

तिने केली. आवाज नाहीसा झाला. सोडली, पुन्हा ठक.

"मग ते पोटातलं नाही. बाहेर काहीतरी ढिलं आहे. एक दांडका घे, एक टोक कानाला, एक इंजिनला. जपून, फिरत्या भागाला लावू नकोस."

डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीचंच काम, पण सुईताईने केरसुणीच्या शेजारचा पोछ्याचा दांडा उचलला. दोन्ही हात त्यात गुंतले. रेसची मूठ कोण धरणार? ज्या आईने त्या गाडीला आठवडाभर नाकं मुरडली होती, तिने पदर खोचला आणि मूठ धरली. "एवढीच ना? की आणखी?" तिने ती इतकी अलगद धरली की इंजिन एका सुरात चालत राहिलं.

वर दांडा लावला, आत नुसती सरसर. मधे लावला, शांत घरघर. पुढे, जिथे इंजिन सांगाड्याला जखडलेलं असतं, तिथे दांडा टेकवला आणि कानात घण बसला. तिने गाडी बंद करून वाळलेला चिखल खरवडला. त्याखाली लांब बोल्ट होता, आणि त्याच्या टोकाचा नट कधीच गळून गेला होता. इतकं मोठं इंजिन सांगाड्यात खिळखिळं होऊन धडका देत होतं.

दादाच्या डब्यातला एक नट, एक वॉशर, आणि दोघींनी मिळून ओढलेला पान्हा. किक मारली. फट, फट, फट. बस्स. त्या आवाजात आणखी कुणीच नव्हतं.

"गेला," ती म्हणाली. "खरंच गेला. दादा, मी तुझे आभार—"

"आभार परक्यांचे मानतात. ढोलकाकांचे मान, त्यांचा बॅलन्स संपवलाय आपण."

तिने त्यांचे मानले. काका म्हणाले, "ताई, हात मोडल्यापासून मला कुणी ताल विचारला नव्हता. मीच मानतो."  ज्याच्याकडे जे होतं ते त्याने दिलं होतं, कुणी कान, कुणी हात, कुणी फोन. आणि तिच्याकडून सगळ्यांना मिळून एकच गोष्ट हवी होती, खरं बोलणं. तेवढंसुद्धा तिने एक दिवस उशिरा दिलं होतं. तरी कुणी तिला त्याचा टोमणा मारला नाही. म्हणजे आई सोडून.

सोमवारी सकाळी तिने नमुन्यांची पेटी मागे बांधली आणि पहिल्या पत्त्यावर गेली. एक आजी पलंगावर बसून होत्या. पाय सुजलेले, गेले कित्येक महिने उंबरा ओलांडलेला नाही.

"तू आलीस होय खरंच? मला वाटलं, सांगतात आणि येत नाहीत."

"आले ना आजी. उपाशी आहात ना?"

"कालपासून पोटात काही नाही," आजी म्हणाल्या. मग तिच्याकडे बघून जरा ओशाळल्या. "सकाळी एक बिस्कीट खाल्लं. अर्धंच."

सुईताईने हातातली सुई न उघडताच पुन्हा ठेवून दिली. अशी तपासणी खोटीच निघाली असती.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली, आणि असं मनापासून म्हणाली की आजी बघतच राहिल्या. "उद्या परत येते मी. गाडी आहे आता माझ्याकडे."